निळ्या टोकाचा दोर

आमच्या घरात बोलायचं काम बाबांकडे आणि हातांचं काम आईकडे, असं वाडीतली माणसं म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. कर्लीच्या खाडीच्या काठाला, वालावलच्या खालच्या अंगाला आमचं घर होतं. आई उजाडायच्या आधी उठून पडवीत सोडणं बडवायला बसे. सोडण म्हणजे नारळाची साल. ती खाडीच्या चिखलात खड्डा करून आठ-दहा महिने कुजत ठेवायची, मग काढून लाकडी दांडक्यानं बडवायची, की आतला काथ्या मोकळा होतो. तो सुकवून पिंजायचा, रहाटावर त्याचं सुंभ काढायचं, सुंभाचे पेड करायचे आणि तीन पेडांचा दोर वळायचा. त्या दांडक्याचा ठप् ठप् आवाज ऐकतच मी जागी होत असे. तो थांबला तर घरात काहीतरी बिघडलंय असं समजायचं. वास मात्र भयंकर. कुजल्या सोडणांचा तो वास आमच्या कपड्यांना, केसांना, पेजेच्या वाडग्यालासुद्धा लागलेला असे. शाळेत माझ्या शेजारी बसलेली मुलगी हळूहळू सरकत बाकाच्या टोकाला जायची आणि मी मुकाट्यानं पाटीवर अक्षरं गिरवायची.

दोर वळण्याचं काम आईच्या माहेरचं. बाबा मूळचे रंगारी. मुंबईत एका दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाच्या हाताखाली ते बारा वर्षं होते. छातीचा विकार झाला, डॉक्टरानं रंगाचं काम सोडायला सांगितलं, म्हणून गावी परत आले. येताना दोन ब्रश, निळ्या रंगाचा एक मोठा डबा आणि 'जाहिरात' हा शब्द घेऊन आले. आमच्या वाडीत तेव्हा हा शब्द कुणी वापरत नव्हतं. चांगला दोर असेल तर लोक नेतील, वाईट असेल तर नेणार नाहीत, एवढंच आईला ठाऊक. बाबा म्हणायचे, "तुझो दोर बरो आसा ह्या लोकांक कळतला कसा? दोराक तोंड खंय आसा?"

मग त्यांनी दोराला तोंड द्यायला सुरुवात केली. पहिल्यांदा प्रत्येक दोराची दोन्ही टोकं त्या डब्यातल्या निळ्या रंगात बुडवली. त्यामुळे विहिरीवर, होडीत, गुरांच्या गळ्यात, कुठंही आमचा दोर असला की लांबून ओळखू येई. पंचक्रोशीत कुणाकडे मूल जन्मलं की बारशाला पाळण्याचा दोर बाबांकडून फुकट जाई. त्यांचं म्हणणं असं, की ज्या दोरावर माणूस आपलं तान्हं पोर टांगतो त्याच्याबद्दल त्याच्या मनात पुन्हा शंका येत नाही. एका गलबतवाल्याला त्यांनी शिडाचं ठिगळ फुकट रंगवून दिलं, आणि त्या ठिगळावर हातभर अक्षरांत लिहिलं, 'मी उडत नाही, कारण मला निळ्या टोकानं धरलंय.' पण सगळ्यांत गाजली ती दशावताराची गोष्ट. जत्रेला आलेल्या नाटकमंडळींना बाबांनी दोन दिवस मासळीचं जेवण घातलं. मग नाटकात देवानं राक्षसाला बांधायला घेतलं, तेव्हा राक्षस हसून म्हणाला, "ह्या असल्या दोरीनं मी बांधला जाणार नाही, वासू पेंटराकडचा निळ्या टोकाचा दोर आणा." माणसं पोट धरधरून हसली. दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात सहा गिऱ्हाइकं उभी होती. आई मान खाली घालून रहाट फिरवत होती, पण तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते मी पाहिलं.

आता माझ्या नातवाचं खाडीच्या मुखावरच्या देवबागेत राहण्या-जेवणाचं छोटं हॉटेल आहे. तो फोनवर दिवसभर फोटो टाकत असतो आणि मला म्हणतो, "आजी, जाहिरात म्हणजे काय ते तुला कळायचं नाही." मी हो म्हणते.

ज्या वर्षाबद्दल मला सांगायचंय, त्या वर्षी बाजारातल्या सदूशेटच्या दुकानात मुंबईहून पहिल्यांदा नायलॉनचा दोर आला. पांढराशुभ्र, बोटांतून सरकणारा, भिजला तरी जड न होणारा. माणसं तो हातात घेऊन बघत आणि महाग म्हणून खाली ठेवत, पण बघायला पुन्हा जात. बाबा अस्वस्थ झाले. चार दिवस ते बोललेच नाहीत, आणि पाचव्या दिवशी त्यांना कल्पना सुचली. बाजाराजवळ खाडीला लागून जांभ्या दगडाचा कडा आहे. त्या कड्यावर एक पिंपळ, आणि त्याची एक जाड फांदी पाण्यावर पुढं गेलेली. सुकतीच्या वेळी खाली पाणी नसतं, तीन पुरुष खोलीवर कालवांनी भरलेले काळे खडक उघडे पडतात. त्या फांदीला आमचा दोर बांधायचा, दोराला झोपाळ्याची फळी, फळीवर दगडांनी भरलेली गोणी, आणि ती दिवसभर त्या खडकांवर लोंबकळत ठेवायची. नारळी पौर्णिमेनंतरचा पहिला बाजार असेल, देवबागची रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारी माणसं हंगामाचं सामान घ्यायला होड्यांनी वर येतील, ती बघतील.

ही योजना बाबांनी बाजारातच जाहीर केली. मी पिशवी घेऊन त्यांच्यासोबत होते. सदूशेट आपल्या दुकानाच्या पायरीवर बसून सुपारी कातरत होता. तो शांतपणे म्हणाला, "दगड काय टांगतंस रे वासू? दोर तुटलो तर दगडाक काय दुखतला? माणूस बसव."

"बसवतंय," बाबा म्हणाले.

"कोणाक?"

बाबांनी क्षणभर इकडंतिकडं बघितलं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. "माझ्या चेडवाक," ते म्हणाले.

चेडू म्हणजे मुलगी, म्हणजे मी. मग कुणीतरी 'वा' म्हटलं. बाबांचा हात माझ्या खांद्यावर होता तो घट्ट झाला आणि मला त्यांच्या बोटांचा घाम पोलक्यातून लागला. त्यांनाही ते बोलल्यावरच कळलं असावं की आपण काय बोललो. पण एकदा तोंडातून गेलेला शब्द चारचौघांत परत घेणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

वाटेत ते मला समजावत होते. दोर कसा पक्का आहे, त्यानं गलबतं ओढलीत, मी तर अकरा वर्षांची मुठीएवढी पोर, त्याच्यापुढं माझं वजन ते काय. "भिया नको गो बाय," ते म्हणाले. मी मान हलवली. मी कशाला भीत होते ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते जगात फक्त मला ठाऊक होतं.

आषाढात आई तापानं पडली होती. दहा-बारा दिवस ती अंथरुणावर, बाबा वैद्याच्या आणि औषधाच्या मागे. हंगामाच्या बाजाराचे दोर वेळेवर तयार व्हायला हवेत म्हणून सोडणं काढायचं, बडवायचं काम माझ्यावर आलं. खाडीकडे आमचे दोन खड्डे होते. एक जुना, ज्यातली सोडणं पुरती कुजून तयार होती, आणि एक नवा, जो अजून चार-पाच महिने उघडायचा नव्हता. मी जुन्या खड्ड्यावरची विणलेल्या झावळ्यांची झापं उचलली आणि आत काहीतरी हललं. काळपट, लांब, माझ्या मनगटाएवढं जाड. मी झापं टाकून पळाले. परत त्या खड्ड्यात हात घालायचं माझं धाडस होईना, आणि घरी सांगायचंही होईना, कारण आई तापात बडबडत होती आणि बाबांचा चेहरा बघवत नव्हता. मी नव्या खड्ड्यातली सोडणं काढली. ती बडवता बडवता माझ्या हातांना फोड आले, कारण त्यांची साल सुटतच नव्हती. निघाला तो काथ्या तांबूस, राठ, चिमटीत धरून वाकवला की कट्कन मोडणारा. दोन हारे भरले. ते मी चांगल्या काथ्यात मिसळून टाकले, आणि आई उठून बसल्यावर तिनं त्याचेच दोर वळले. अशक्तपणात तिच्या बोटांना ते कळलं नाही. पिळल्यावर सगळे दोर सारखेच दिसतात. त्या दहा-बारा दोरांतल्या कुठल्या दोरात, कुठल्या पेडात माझा तो तांबडा काथ्या गेला होता, हे देवालाच ठाऊक.

बाजाराला आठ दिवस होते. ते आठ दिवस मी कसे काढले ते सांगायला मला आजही नीट शब्द नाहीत. आईनं सोलकढी केली, तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, तोंडाला पाणी आणणारं सुकं केलं, मी भाताचे गोळे करून मांजराला घालत होते. शाळेतून येताना मी मुद्दाम कड्यावर जाऊन खाली वाकून बघत असे आणि खडकांवरच्या कालवांच्या धारदार कडा दिसल्या की मागे सरत असे. सांगितलं तर काय होईल? बाबांची बाजारात छी-थू होईल. दोर कुणी घेणार नाही. सांगितलं नाही तर मी पडेन. हे दोन्ही विचार दिवसभर एकामागून एक येत. आणि तिसरा एक होता, तो सगळ्यांत वाईट. कदाचित बाबा माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीत, त्यांना वाटेल पोरगी घाबरून थापा मारतेय.

बाजाराच्या दिवशी सकाळी आई माझी वेणी घालत होती. बाबा दोर, फळी आणि पत्र्याचा भोंगा घेऊन उजाडतानाच गेले होते. आईनं केसांना तेल लावलं, फणी घातली आणि हात थांबवून म्हणाली, "तू थरथरतंस कित्याक?"

मी सगळं सांगितलं. खड्डा, ते काळं लांब काहीतरी, तांबडा काथ्या, दोन हारे. तिच्याकडे पाठ होती म्हणून सांगता आलं. फणी पुन्हा केसांतून फिरली. मग तिनं विचारलं, "खंयच्या दोरात गेलो तो काथ्यो?"

"माका ठाऊक नाय गो आये."

तिनं वेणी पुरी केली. रिबीन बांधली. मग लुगड्याचा कासोटा घट्ट केला, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. ती इतक्या भरभर चालत होती की मला धावावं लागत होतं.

कड्यावर माणूस मावत नव्हता. सुकती पुरी लागलेली, खाली खडक चकचकत होते. दोर फांदीला बांधून झाला होता. त्याची निळी टोकं वाऱ्यात हलत होती. फळीला एक बारीक ओढदोरी लावली होती, म्हणजे फळी कड्यावरून सोडता येईल आणि परत ओढता येईल. बाबा भोंग्यातून ओरडत होते, त्यांना मी इतकं खुशीत क्वचितच पाहिलं होतं. आई सरळ त्यांच्याजवळ गेली आणि हलकेच काहीतरी म्हणाली. "मगे सांग, मगे," बाबा म्हणाले. तिनं त्यांची बाही ओढली. सदूशेट समोरच उभा होता. त्यानं विचारलं, "काय रे वासू, घरकारीण नको म्हणता काय?" माणसं हसली. बाबांनी बाही सोडवून घेतली आणि मला हाक मारली.

मी पुढं गेले. फळीवर हात ठेवला, इतक्यात आईनं मला मागं ओढलं आणि मोठ्यानं म्हणाली, "चेडू भियाता. मी बसतंय."

चारचौघांत पुरुषांसमोर तिनं आवाज चढवलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. बाबा गोंधळले. "तू कित्याक?"

"दोर माझो आसा," ती म्हणाली, आणि फळीवर बसली.

मला तेव्हा ओरडता आलं असतं. एक शब्द पुरला असता. मी ओरडले नाही. पुढं कितीतरी वर्षांनी मी आईला विचारलं, की तू सगळ्यांसमोर खरं का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "माका वाटला, खोटो दोर एखादोच असतलो, आणि हो बांधललो तो नसतलो." एवढंच. तिलाही माझ्याइतकीच भीती होती, आणि तिनंही माझ्यासारखंच स्वतःला काहीतरी सांगून गप्प केलं होतं.

दोघा गड्यांनी फळी सोडली. आई कड्यावरून पुढं गेली आणि खडकांवर लोंबकळू लागली. तिनं दोन्ही हातांनी दोर धरला होता, डोळे मिटले होते. फांदी करकरली. दोर ताणून काठीसारखा झाला. बाबांनी भोंगा तोंडाला लावला, "बघा, नीट बघा, ही माझी घरकारीण आसा, चार हंडे एका वेळी उचलणारी बाईल!" आणि तेव्हाच तो आवाज आला. मोठा नव्हता. माडाची झावळी गळताना देठाशी जो एक कोरडा आवाज होतो, तसा. आई हातभर खाली आली आणि फळी गरगर फिरायला लागली. दोराचा एक पेड तुटून झिंज्या मोकळ्या सोडल्यासारखा लोंबत होता. त्यातला तांबडा काथ्या उन्हात लांबून दिसत होता. बाबांच्या हातातला भोंगा खाली पडून खडकावर आपटत गेला, त्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. आई ओरडली नाही. गड्यांनी ओढदोरी ओढली, हळूहळू, कारण जोरानं ओढली तर उरलेले दोन पेडही जातील. मी मोजत होते. काय मोजत होते ते आठवत नाही, पण अठ्ठेचाळीसपर्यंत गेले तेव्हा तिचे पाय कड्याला लागले.

आणि मग बाबांनी जे केलं त्यात त्यांचा दोष होता असं मला आज वाटत नाही. त्यांना काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यानं आईकडे बघितलं, ती धड आहे हे बघितलं, आणि सवयीनं लोकांकडे वळून म्हणाले, "एक पेड तुटलो, तरी दोन पेडांनी माणूस झेललो! खंयचो दोर असो आसा?" माणसांनी टाळ्या वाजवल्या. भरती यायच्या आत आमच्याकडचे उरलेले नऊच्या नऊ दोर देवबागच्या होड्यांतून गेले. आई पिंपळाच्या मुळावर बसून आपल्या तळहातांकडे बघत होती. दोर आवळून धरल्यानं त्यांतून रक्त आलं होतं.

घरी आल्यावर तिनं बाबांना पाटावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं. मी दाराआड होते. तिनं मला पुढं बोलावलं. बाबांनी माझ्यावर हात उगारला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "खड्ड्यात खरोखर जनावर होता?"

"होता," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग ते स्वतःशीच बोलावं तसं बोलायला लागले. नऊ दोर गेलेत, त्यातले खोटे असले तर एक-दोन, तेही वर्षभर टिकतील कदाचित. आता परत मागितले तर आयुष्यात पुन्हा कुणी आपला दोर हातात घेणार नाही, सदूशेट पायरीवर बसून हसेल. आईनं त्यांना पुरं बोलू दिलं. मग म्हणाली, "दोन पेड म्हंजे काय ता मी वर बसान बघलंय. ते दोर परत हाडूक व्हये."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीबरोबर बाबा आणि मी होडीनं खाडी उतरून देवबागला गेलो. वारा दक्षिणेचा होता आणि समुद्राच्या बाजूला आभाळ शिळ्या भाकरीच्या रंगाचं झालं होतं. भोंगा नव्हता. बाबा वाळूत उभे राहिले, दोन्ही हात तोंडाभोवती धरले आणि ओरडले, "निळ्या टोकाचे दोर काल ज्यांनी नेले तेंनी परत द्या. माझ्या दोरात खोट आसा. नवो दोर देतंय." एरवी बाबांच्या ओरडण्यात एक चाल असे, लोक थांबून ऐकत. त्या दिवशी आवाज फाटत होता. ते दहा पावलं चालत, पुन्हा ओरडत. पोरं मागं लागली, बायका झोपड्यांतून बाहेर आल्या, एका म्हाताऱ्यानं विचारलं, "कालचो तूच मां रे?" बाबा हो म्हणाले. एकेक करून दोर यायला लागले. कुणी दोर फेकला, कुणी शिवी दिली, कुणी नुसतंच डोळे बारीक करून बघितलं. दुपारपर्यंत आठ झाले.

नववा गंगाराम तांडेलाकडे होता, आणि गंगाराम पहाटेच नांगराला तो नवा दोर लावून समुद्रात गेला होता.

त्याच्या घरापुढं आम्ही बसून राहिलो. त्याची बायको सत्यभामा जाळ्याची फाटकी घरं विणत होती. तिनं आम्हाला भाकरी आणि बांगड्याचं तिखलं वाढलं, कारण उपाशी बसलेल्या माणसाला ती वाढल्याशिवाय राहिली नसती. पण बोलली नाही. वारा वाढत होता. माडांच्या झावळ्या एका बाजूला ओढल्यासारख्या झाल्या होत्या, आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांवरची ताडपत्री फडफडत होती. जेवण माझ्या पुढ्यात तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं सत्यभामा जाळ्यावरची नजर न काढता आपल्या मुलाबद्दल म्हणाली, "माझो झील थंय आसा. पयल्यांदाच गेलोसा."

बाबांनी तोंड गुडघ्यांत घातलं. मी समुद्राकडे बघत होते. एकेक शीड दिसे, जवळ येई आणि दुसऱ्याच कुणाचं तरी निघे. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आपण एका जागी केलेली गोष्ट चालत चालत किती लांब जाते, आणि आपण ज्यांचा चेहराही पाहिलेला नाही अशा माणसाच्या जिवापर्यंत पोचते. कड्यावर मला माझी भीती होती, मग आईची. ही भीती निराळी होती. तिच्यात मी कुठंच नव्हते आणि तरी ती सगळी माझीच होती.

उन्हं उतरायला लागली तेव्हा सत्यभामा एकदम उठली. तिला शीड ओळखू आलं होतं. ती पाण्यात कमरेपर्यंत गेली. होडी लाटांवरून वरखाली होत आली, आणि तिच्यात दोघं होते, म्हातारा गंगाराम आणि सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. मुलानं आईकडे बघून हात केला. ती परत वळली आणि आमच्या बाजूनं जाताना पदरानं तोंड पुसलं, एवढंच.

गंगाराम तांडेलानं सगळं ऐकून घेतलं. त्यानं होडीतून दोर काढून वाळूवर टाकला. बाबा वाकून तो हातात फिरवू लागले. मी त्यांच्याआधी जागा शोधली. होडीच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी, घासून एक पेड उसवला होता आणि आतून तांबडे राठ धागे बाहेर आले होते. मी चिमटीनं एक ओढला, तो मोडला.

"हो दोर रातभर वाऱ्यात नांगरार टाकलो असतो तर?" गंगारामनं विचारलं. "कोणाची करणी ही?"

"माझ्या घरातली चूक," बाबा म्हणाले.

"मी केलंय," मी म्हटलं.

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांच्या कडा मिठानं पांढऱ्या झाल्या होत्या. मला वाटलं आता तो मारील. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते माझ्या पुढं आले. गंगाराम त्यांना म्हणाला, "नवो दोर दितलंस मां? मगे माका ह्या चेडवाच्या हातचो व्हयो. दुसऱ्या कोणाचो नको." आणि होडी ओढायला वळला.

त्या वर्षी आमचे दोर फारसे खपले नाहीत. सदूशेट हसला असेलही. बाबा म्हणत, हसू दे. दुसऱ्या वर्षी मात्र देवबागची माणसं खाडी चढून आमच्या अंगणात आली, आणि बाबांना विचारावं लागलं नाही की त्यांना कुणी पाठवलं. पुढं नायलॉन स्वस्त झाला आणि दहा-बारा वर्षांत काथ्याचा धंदा आपोआप मोडला. ते व्हायचंच होतं. तोवर आम्ही त्यावर जगलो, माझं लग्नही त्यातच झालं.

गंगारामचा दोर वळायला मला सतरा दिवस लागले. आईला तेवढ्याला तीन पुरले असते. ती समोर बसून असे, पण एकदाही हात लावला नाही. मी विचारलं, हे बरं आहे का, तर म्हणे, "तुझ्या बोटांक इचार." मी काथ्याचा प्रत्येक झुबका उन्हात धरून बघायची, वाकवायची, ओढायची, शंका आली की पिळलेला पेड पुन्हा उकलायची. बोटं फाटली. रात्री स्वप्नात दोर तुटे आणि सकाळी उठून मी आदल्या दिवशीचं काम पुन्हा तपासायची. दोर पुरा झाल्यावर बाबांनी टोकं रंगवायला निळा डबा पुढं केला. मी नको म्हटलं.

आम्ही दोघं तो घेऊन देवबागला गेलो. गंगारामची होडी पाण्यात लोटायच्या बेतात होती, मुलगा आत बसलेला. मी दोर म्हाताऱ्याच्या हातात दिला. मला वाटत होतं तो उलगडेल, हातभर हातभर तपासेल, दातानं एखादा धागा ओढून बघेल. खोट असलीच तर त्याला सापडेल आणि माझी सुटका होईल. त्यानं दोराकडे बघितलंसुद्धा नाही. काखेत मारला, होडीत टाकला आणि एका हिसक्यानं होडी पाण्यात ढकलून वर चढला. बाबा निघायला म्हणत होते. मी वाळूत उभी राहिले आणि ते शीड दिसेनासं होईपर्यंत हलले नाही.